काकूचा प्रश्न

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. खरं तर हे लिहायचं की नाही यावरच बराच काळ अडलो होतो. घरातली निम्मी मंडळी इथे येऊन वाचतात, आणि ही गोष्ट घरातलीच आहे. पण ज्यांना विचारायला हवं होतं त्यांना विचारलं, आणि त्यांनी "लिही" म्हटलं. तेव्हा लिहितो. घरातल्या तारखा चुकल्या असतील तर रागवा, फक्त रात्री दहानंतर फोन नको.

२०२४ च्या मे महिन्यात पावसला गेलो होतो. नेहमीचंच, आंबे, स्वामींच्या मठात एक फेरी, आणि उरलेला वेळ काकूच्या पडवीत. काकू ८४ वर्षांची. कान थोडे गेलेत, डोळे शाबूत आहेत, आणि पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. तिने पंचांगात जपून ठेवलेलं एक कात्रण काढलं आणि माझ्या हातात दिलं. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते मुंबईत आय.आय.टी.मध्ये रक्ताच्या कॅन्सरवरच्या भारतीय बनावटीच्या नव्या उपचाराचं उद्घाटन, ४ एप्रिल २०२४. टाटा हॉस्पिटल आणि आय.आय.टी. यांनी मिळून केलेलं काम.

"हे तेव्हा का नव्हतं रे?" काकूने विचारलं.

मी आपलं सोपं उत्तर दिलं. म्हटलं, "काकू, तेव्हा विज्ञान एवढं पुढे गेलं नव्हतं."

"आपल्याकडे नसेल. अमेरिकेत गेलं होतं ना?"

यावर मी काही बोललो नाही. काकूनेही पुढे विचारलं नाही. ती आंबे उलटायला आत निघून गेली.

आता "तेव्हा" म्हणजे कधी ते सांगतो. काकूचा थोरला मुलगा, माझा चुलतभाऊ, माझ्याहून एक वर्षाने मोठा. १९७६ साली तो आठ वर्षांचा होता. आधी पाय दुखायचे म्हणून रडायचा. सगळे म्हणाले, वाढीचं वय आहे. मग ताप यायला लागला, हिवताप समजून गोळ्या झाल्या. मग तो पांढरा पडला, म्हणून लोहाचं टॉनिक. शेवटी कुठे न आपटता अंगावर काळेनिळे डाग उठायला लागले तेव्हा रत्नागिरीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि काकांना बाजूला घेऊन सांगितलं की आजच्या आज मुंबईला न्या. रात्रीच्या एस.टी.ने नेला. मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात (नाव लिहीत नाही, आणि घरच्यांनीही सांगू नये) रक्ताचा कॅन्सर म्हणून निदान झालं.

पण यातला सगळ्यात वाईट भाग असा की तो बरा झाला. दीड महिन्याच्या उपचारांनंतर ताप गेला, डाग गेले, रिपोर्ट चांगला आला. गणपतीला तो घरी होता. आम्ही दोघांनी मिळून आरतीला टाळ वाजवले, हे मला स्पष्ट आठवतं. टोपी घालून होता, कारण केस गेले होते. "पुन्हा कधी यायचं" याचं नीट उत्तर कुणी दिलं नव्हतं. एका डॉक्टरांनी गोळ्या चालू ठेवा म्हटलं होतं, दुसऱ्यांनी त्रास झाला तर या म्हटलं होतं. भातकापणी आली, आणि मुंबईला जाणं राहिलं. मार्गशीर्षात त्याचं डोकं दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या. फेब्रुवारीत तो गेला.

त्यानंतर आमच्या घरात दोन गोष्टी कुणी मोठ्याने बोलायचं नाही. एक म्हणजे, काका म्हणाले होते की कलमांची बाग विकून पोराला अमेरिकेला नेऊ, आणि आजोबा नाही म्हणाले होते. दुसरी म्हणजे, बरा झाल्यावर परत का नेलं नाही. पहिलीचा राग काकूने आजोबांवर धरला, दुसरीचा स्वतःवर. आजोबा गेले, काका गेले, राग राहिला.

मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी केली. पण त्या मे महिन्यानंतर काकूचा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून वाचत सुटलो. जे सापडलं ते माझ्या भाषेत सांगतो.

सुरुवात टाटांच्या घरातूनच करावी लागते. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली विलायतेत वारल्या, त्या ल्युकेमियानेच. म्हणजे हाच आजार. देशातल्या सगळ्यात श्रीमंत घराण्यांपैकी एक, इंग्लंडातले डॉक्टर हाताशी, आणि उपाय शून्य. तेव्हा जगात कुणाकडेच काही नव्हतं. दोराबजींनी पुढच्याच वर्षी पत्नीच्या नावाने ल्युकेमियावरच्या संशोधनासाठी विश्वस्त निधी उभा केला आणि त्याच वर्षी तेही गेले. परळला टाटा हॉस्पिटल सुरू झालं २८ फेब्रुवारी १९४१ ला. आपण लोक त्या इमारतीकडे बघून फक्त घाबरतो. ती एका नवऱ्याच्या दुःखातून निघालेली गोष्ट आहे हे मला पन्नाशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं.

याच सुमाराला, म्हणजे १९२८ पासून, लूसी विल्स नावाच्या एक इंग्रज डॉक्टरीण मुंबईत होत्या. परळच्याच हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये. त्यांचा विषय अगदी वेगळा. गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडून मरायच्या, त्यांना नेमकं काय कमी पडतं? अनेक गोष्टी करून पाहिल्यावर त्यांना आढळलं की मार्माइट, म्हणजे तो काळपट खारट यीस्टचा अर्क जो इंग्रज लोक पावाला लावून खातात, तो दिला की या बायका सुधारतात. १९३१ साली त्यांनी हे छापलं. मार्माइटमध्ये जे काही होतं त्याला पुढे फोलिक ॲसिड हे नाव मिळालं. आज गरोदर बाईला ज्या गोळ्या देतात त्या याच.

आता हा धागा कुठे गेला बघा. अमेरिकेत लेडर्ली कंपनीत आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव काम करत होते. जन्म आंध्रातल्या भीमावरमचा. त्यांच्या हाताखालच्या लोकांनी १९४५ च्या सुमाराला फोलिक ॲसिड कारखान्यात बनवलं. बोस्टनच्या सिडनी फार्बर नावाच्या डॉक्टरांनी ते ल्युकेमिया झालेल्या मुलांना देऊन पाहिलं, तर आजार उलट वेगाने वाढला! दुसरा कुणी असता तर हाय खाऊन गप्प बसला असता. फार्बरांनी उलटा विचार केला. जे दिल्याने कॅन्सर फोफावतो, तेच त्याच्या तोंडचं काढून घेतलं तर? सुब्बारावांच्या गटाने फोलिक ॲसिडची नक्कल करून पेशींना फसवणारं औषध बनवून दिलं, अमिनोप्टेरिन. १९४८ साली फार्बरांनी छापलं की १६ मुलांपैकी १० सुधारली. काही महिन्यांपुरतीच, नंतर आजार परतलाच. पण इतिहासात पहिल्यांदा हा आजार मागे हटला होता. सुब्बाराव त्याच वर्षी वारले, जेमतेम ५३ वर्षांचे. त्या औषधाचा धाकटा भाऊ म्हणजे मेथोट्रेक्सेट, आणि त्या पिवळ्या गोळ्या पुढे आमच्या घरात फडताळावर दीड-दोन वर्षं होत्या. त्याबद्दल पुढे सांगतो.

दुसरं औषध तर काकूच्या अंगणातच आहे. सदाफुली! गुलाबी आणि पांढरी, तुळशीवृंदावनाच्या मागे बारमाही फुललेली, जिला कुणी खत घालत नाही की पाणी. जमैकातले लोक मधुमेहावर तिच्या पानांचा काढा घेतात म्हणून १९५२ साली कॅनडात ही पानं कुणीतरी पाठवली. रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर या दोघांनी उंदरांना अर्क टोचला. साखर काही उतरली नाही, पण उंदीर जंतुसंसर्गाने मरायला लागले. बघतात तर त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीच कमी झालेल्या. आता पांढऱ्या पेशी बेसुमार वाढणं हाच ज्या आजाराचा प्रकार, त्याला हे औषध का नाही चालणार? त्यातून व्हिनब्लास्टिन निघालं, आणि मग लिली कंपनीतल्या लोकांनी व्हिन्क्रिस्टिन काढलं, ज्याला अमेरिकेत १९६३ मध्ये मान्यता मिळाली. मणावारी पानांतून गुंजभर औषध मिळतं, तेव्हा कृपा करून कुणी सदाफुलीचा काढा घेऊ नका. (व्हॉट्सॲपवर हे फिरत असतं म्हणून मुद्दाम सांगतो. पाला विषारी आहे.)

तर साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत चार-पाच औषधं हाताशी होती. प्रत्येक औषध काही महिने चालायचं, मग आजार परत. बहुतेक डॉक्टर एक संपलं की दुसरं, असं वापरत. अमेरिकेत मेम्फिसला सेंट ज्यूड नावाचं मुलांचं हॉस्पिटल १९६२ साली उघडलं, तिथले डोनाल्ड पिंकेल म्हणाले की सगळी औषधं एकदम, ठरलेल्या क्रमाने, दोन-तीन वर्षं देऊन पाहू, ध्येय एकच, बरं करणं. तेव्हा "बरं करणं" हा शब्द या आजाराच्या बाबतीत उच्चारणंही वेडेपणाचं समजलं जायचं. त्यांच्या लक्षात आलं की रक्तातून आजार गेला तरी काही पेशी मेंदूच्या आवरणात लपून राहतात, कारण औषध तिथे पोचत नाही. मग काही महिन्यांनी डोकेदुखी, उलट्या, आणि आजार परत. म्हणून त्यांनी डोक्याला किरण आणि पाठीच्या कण्यातून औषध देणं सुरू केलं, आणि रक्त स्वच्छ दिसत असतानाही गोळ्या चालूच ठेवल्या. एका अभ्यासातून शिकायचं, दुसऱ्यात सुधारायचं, तिसऱ्यात आणखी. पाचव्या अभ्यासात, १९६७-६८ च्या सुमाराला, निम्मी मुलं वाचली.

डोकेदुखी आणि उलट्या. हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून खाली फेरी मारून आलो.

म्हणजे काकूला मी जे सोपं उत्तर दिलं ते खोटं होतं. १९७६ मध्ये विज्ञान तेवढं पुढे गेलेलं होतं. औषधंही आपल्याकडे मिळत होती, माझ्या भावाला त्यातली काही दिलीही होती, म्हणून तर तो गणपतीला घरी होता. मग भारतात काय होत होतं? सत्तरच्या दशकात आपल्या खास कॅन्सरच्या इस्पितळांमध्येसुद्धा अशी वीस टक्क्यांहून कमी मुलं वाचत. जो तो डॉक्टर आपापल्या अनुभवाने औषध द्यायचा. कुणाचं किती यश, कुणाला ठाऊक नाही, कारण सगळ्यांनी एकच गोष्ट एकाच पद्धतीने करून मोजलेलं नव्हतं. रुग्ण परत आला नाही तर तो बरा झाला की गेला हेही बरेचदा कळत नसे. आमच्या घरी तरी कुणाचं पत्र आलं नव्हतं.

हे बदललं कसं, हा या सगळ्यातला मला सर्वांत आवडलेला भाग.

डॉ. सुरेश अडवाणी हे नाव तुम्ही ऐकलं असेल. लहानपणी पोलिओ झाला, आयुष्यभर व्हीलचेअरवर, आणि व्हीलचेअरवरचा मुलगा डॉक्टर कसा होणार म्हणून प्रवेशापासून झगडावं लागलं. ते टाटामध्ये रक्ताच्या कॅन्सरचं काम बघत. सिएटलला जाऊन डोनॉल थॉमस यांच्याकडे अस्थिमज्जा रोपण शिकून आले (थॉमसना पुढे १९९० मध्ये नोबेल मिळालं) आणि १९८३ साली त्यांनी टाटात भारतातलं पहिलं असं रोपण केलं. त्याची बातमी झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट पुढच्या वर्षी झाली, आणि तिची फारशी बातमी झाली नाही.

१९८४ साली टाटा हॉस्पिटल, मद्रासची कॅन्सर इन्स्टिट्यूट (तिथे डॉ. व्ही. शांता होत्या) आणि दिल्लीचं एम्स यांच्यासाठी मिळून एकच उपचारपद्धत ठरली. त्यांच्याबरोबर होते अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतले डॉ. इयन मॅग्रा. पद्धतीचं नाव एमसीपी-८४१. नावात काही राम नाही, पण आत आहे. नवीन औषध एकही नाही! स्टेरॉइडच्या गोळ्या, सदाफुलीचं व्हिन्क्रिस्टिन, डॉनोरुबिसिन, ॲस्परजिनेज, पाठीतून मेथोट्रेक्सेट, डोक्याला किरण, पहिला महिना पुन्हा एकदा, आणि मग दीर्घकाळ गोळ्या. सगळं मिळून साधारण दोन वर्षं. आपल्याकडे मिळणारी औषधं आणि आपल्याकडची इस्पितळं गृहीत धरून बेतलेलं. कुठल्या दिवशी काय, किती, रक्त किती असेल तर द्यायचं, किती असेल तर थांबायचं, सगळं कागदावर. आणि तिन्ही ठिकाणी निकाल मोजायचे.

चार वर्षांनंतर आजार न उलटता जगणाऱ्या मुलांचं प्रमाण वीस टक्क्यांच्या आतून ४५ ते ६० टक्क्यांवर गेलं.

मी बँकेतला माणूस, मला हे आकडे वाचताना ताळेबंद आठवतो. भांडवल तेच, माल तोच. फक्त तीन शाखांनी एकच वही वापरायचं ठरवलं. मोठ्या डॉक्टरांना दुसऱ्याने लिहिलेल्या कागदाप्रमाणे औषध द्यायला लावणं किती कठीण असेल याची कल्पना करा. आपल्याकडे दोन गुरव एका देवळात नांदत नाहीत.

आता फडताळावरच्या गोळ्यांबद्दल. १९९२ मध्ये माझ्या बहिणीची मुलगी, तेव्हा पाच वर्षांची. ताईचं सासर पूर्णगडला. पुन्हा तेच, पाय दुखणं, ताप, आणि पांढरी पडणं. पण या वेळी घरात कुणीही वाढीचं वय म्हटलं नाही. काकूने पोरीच्या पिंढरीवरचा डाग बघितला आणि त्याच संध्याकाळी रत्नागिरीला पाठवलं. तिसऱ्या दिवशी आम्ही परळला. मी तेव्हा नुकताच मुंबईत नोकरीला लागलो होतो, त्यामुळे कागदपत्रं माझ्याकडे.

डॉक्टरांनी उपचारपद्धतीची माहिती सांगितली, सही मागितली. "प्रोटोकॉल" हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. भावोजी एकदम उभे राहिले, "म्हणजे आमच्या पोरीवर प्रयोग करणार?" आमच्याकडे प्रयोग म्हणजे एक तर नाटकाचा, नाही तर उंदरावरचा. डॉक्टर तरुण होते, थकलेले होते, तरी बसून म्हणाले की प्रयोग आधी झालाय, शेकडो मुलांवर. त्यातून जे चांगलं ठरलं ते तुमच्या मुलीला देतोय. आणि तिचं जे होईल तेही लिहून ठेवणार, म्हणजे पुढच्याला उपयोग होईल. भावोजींनी सही केली. ताईने मला नंतर विचारलं, "पुढच्याला म्हणजे कुणाला?" मला सांगता आलं नाही.

ती दोन वर्षं लिहायला बसलो तर वेगळी वही लागेल. दादरला गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत ताई राहिली, तिथे अर्ध्या महाराष्ट्राचे आणि बिहार-बंगालचे आईबाप भेटले. कोकण रेल्वे नव्हती, परळपर्यंत एस.टी., आणि घाटात पोरीला उलट्या. तोंडात फोड आले की पेजेचं पाणीसुद्धा गिळवायचं नाही. एकदा भर जुलैत पूर्णगडला असताना रात्री ताप चढला, आणि आम्हाला सांगून ठेवलेलं होतं की ताप म्हणजे सकाळची वाट बघायची नाही. कुणाची तरी जीप मिळवून रत्नागिरी गाठली. तीन दिवस सलाइनमधून प्रतिजैविकं. वाचली. तिच्या बरोबरीने धर्मशाळेत खेळणारा सोलापूरकडचा एक मुलगा अशाच तापात गेला, कॅन्सरने नव्हे.

(आंबा चालेल का, हा प्रश्न मी डॉक्टरांना चार वेळा विचारला. चांगला धुऊन, साल काढून, ताजा कापलेला चालेल, असं उत्तर चारही वेळा मिळालं. चौथ्या वेळी ते हसले.)

पण मला सांगायचंय ते फाइलबद्दल. टाटाने एक जाड फाइल दिली होती. त्यात पुढच्या महिन्यांचं सगळं लिहिलेलं. गोळ्यांचा काळ सुरू झाल्यावर दर वेळी मुंबई गाठायची गरज नव्हती. रत्नागिरीचे आमचे डॉक्टर, ज्यांनी आयुष्यात रक्ताच्या कॅन्सरचे किती रुग्ण बघितले असतील देव जाणे, ती फाइल उघडायचे, रक्त तपासायचे, आकडा कागदाशी ताडायचे, आणि शंका आली तर मुंबईला फोन लावायचे. पी.सी.ओ.त उभं राहून, स्वतःच्या पैशाने! मुंबईचे डॉक्टर त्यांना नावाने ओळखायला लागले होते. दोघं एकमेकांना कधी भेटले नाहीत. १९७६ सालीही रत्नागिरीत चांगले डॉक्टर होते, फोनही होता. काय विचारायचं ते लिहिलेला कागद नव्हता.

भाची आज पुण्यात असते, शिकवते, दोन मुलांची आई आहे. टाटात १९९१ पासून उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळा दवाखाना आहे, डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी सुरू केलेला. तिथे ती पुष्कळ वर्षं नेमाने जायची, हृदय नीट आहे ना, उंची वाढते ना, हे बघायला. बरं करून सोडून द्यायचं नाही, हा त्यांचा हिशोब.

वाचता वाचता मला २००५ साली छापलेला एक निबंध सापडला, एका युरोपीय वैद्यकीय मासिकातला. मॅग्रा, शांता, अडवाणी आणि इतर. एमसीपी-८४१ च्या वीस वर्षांचा आढावा. त्यात १९९० ते १९९७ मध्ये तिन्ही ठिकाणी उपचार घेतलेल्या १०४८ रुग्णांची माहिती आहे. नावं अर्थातच नाहीत. पण इस्पितळ जुळतं, वर्ष जुळतं. म्हणजे त्या १०४८ मध्ये एक आमची असणार. आणि तो सोलापूरचा मुलगाही.

निबंध वाचताना वाटलं, किती सरळपणे लिहिलंय. यशाची फुशारकी कमी, आणि कमी का पडलो याची चौकशी जास्त. पाश्चात्त्य देशांत तोवर यापेक्षा बरीच जास्त मुलं वाचत होती. आपल्याकडची मुलं उशिरा येतात, आजार पसरल्यावर येतात. आणि पुष्कळशी कॅन्सरने नव्हे तर उपचार चालू असताना जंतुसंसर्गासारख्या कारणांनी जातात. घरातली स्वच्छता, तातडीची मदत लांब असणं, इस्पितळातल्या अपुऱ्या सोयी, सगळं त्यात आहे. पूर्णगडची ती जुलैची रात्र मला तिथे इंग्रजीत वाचायला मिळाली.

पुढची कामंही याच उत्तरातून निघाली. मुंबई, चेन्नई, दिल्ली, कोलकाता, चंदीगड इथल्या इस्पितळांनी मुलांच्या ल्युकेमियासाठी गट केला आणि २०१६ मध्ये मोठी चाचणी सुरू केली. त्यातला एक प्रश्न असा की सुरुवातीचं स्टेरॉइड कमी दिवस दिलं तर आजार तेवढाच आटोक्यात राहून संसर्ग कमी होतील का? कुणाला कमी दिवस आणि कुणाला पूर्ण हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, डॉक्टरांच्या मर्जीवर नाही. ऐकायला निर्दय वाटतं. पण दोन्हींपैकी बरं कुठलं हे खरोखरच कुणाला ठाऊक नसतं, म्हणून तर चिठ्ठी.

आणि काकूच्या कात्रणातला उपचार, कार-टी. रुग्णाच्याच रक्तातल्या लढाऊ पेशी काढायच्या, त्यांना कॅन्सरच्या पेशी ओळखायला शिकवायचं, आणि परत सोडायच्या. आय.आय.टी.चे राहुल पुरवार आणि टाटाचे डॉक्टर यांचं हे काम, सरकारी मंजुरी ऑक्टोबर २०२३. अमेरिकेत याला तीन-चार कोटी लागतात, इथे तीस-चाळीस लाख अशी बातमी होती. स्वस्तच म्हणायचं, पण बाग विकावी लागेल एवढं. मार्च २०२५ मध्ये त्याचे निकाल छापून आले. ६४ रुग्ण होते, आणि ज्यांचा परिणाम मोजता आला त्यांच्यातल्या ७३ टक्क्यांना गुण आला. पण हा उपचार नेहमीची औषधं हरल्यावरचा, आणि त्या चाचणीतले ल्युकेमियाचे रुग्ण १५ वर्षं आणि त्यावरचेच होते. आठ वर्षांच्या मुलाला त्यात जागा नव्हती. मुलांसाठीचं काम वेगळं चालू आहे.

नंतर गणपतीला पावसला गेलो तेव्हा निबंधाची छापील प्रत घेऊन गेलो. ठरवलं होतं की या वेळी काकूला सोपं उत्तर द्यायचं नाही. दुपारी पडवीत तिला सगळं सांगितलं. लूसीबाई, सुब्बाराव, सदाफुली (ती उठून बघून आली), मेम्फिस, तीन इस्पितळं. मेंदूत लपलेल्या पेशींबद्दलही सांगितलं. म्हटलं, तुम्ही वेळेवर परत नेलं असतंत तरी त्या पेशींवर तेव्हा कुणी ठरवून उपचार करत होतं का, मला माहीत नाही. तुम्हाला कुणी कागद दिला नव्हता, काकू.

तिने प्रत हातात घेतली, उलटसुलट केली. इंग्रजी तिला येत नाही. आकडे वाचता येतात.

"तो यात आहे का?"

"नाही. हे चौऱ्याऐंशीपासूनचं आहे."

"आणि ही?"

"ही आहे. बहुतेक यातच."

बराच वेळ गेला. मग म्हणाली, "अमेरिकेत तेव्हा निम्मी वाचायची म्हणालास."

"हो."

"आणि निम्मी नाही."

"नाही."

तिने कागद घडी घालून पंचांगात ठेवले, कात्रणाच्या शेजारी. आणि मग विचारलं की भाची गौरीला येतेय ना, की मुलांच्या शाळेचं कारण सांगणार आहे या वर्षीपण.